कॅरॅव्हॅनची टाकी रिकामी करायची कुठे?

चाकांवरच्या घरातून सहल करण्याची हौस आपल्याकडेही रुजते आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणही आणले. पण आतल्या शौचालयाची टाकी काही दिवसांत भरते. परदेशात ती रिकामी करायला ठरलेल्या जागा असतात. इथे मोह होतो तो रस्त्याकडेच्या गटाराचा.

नवी मुंबईत तर तो टाळलाच पाहिजे. शहरात मलवाहिन्या वेगळ्या आणि पावसाळी गटारे वेगळी. मलवाहिनीतले पाणी प्रक्रिया केंद्रात जाते. पावसाळी गटारातले मात्र प्रक्रियेविना, धारण तलावांतून वा थेट, ठाणे खाडीत उतरते. फ्लेमिंगोंची, मासेमारीची खाडी ती हीच. मैल्यातून टायफॉइड, कॉलरा, कावीळ पसरते, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून मुक्काम ठरवतानाच विचारावे : टाकी मलवाहिनीत किंवा सेप्टिक टँकमध्ये सोडण्याची सोय आहे का? हातमोजे घालून आधी मैल्याची टाकी सोडावी, मग आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची. त्या पाण्याने पाइप बराचसा धुऊन निघतो. पिण्याच्या पाण्याचा पाइप या कामाला कधीही लावू नये. दुर्गंधीसाठी फॉर्मल्डिहाइडयुक्त रसायन वापरणेही टाळावे. मैला कुजवणारे सेप्टिक टँकमधले जिवाणूच त्याने मरतात.