बोटुकलीला खूण करून तळ्यातील मासे कसे मोजावेत?

शेततळ्यात ३,००० बोटुकली सोडली म्हणजे सहा महिन्यांनी ३,००० मासेच आहेत, असे धरून अनेक शेतकरी खाद्य टाकत राहतात. बगळे, पाणसाप आणि सुरुवातीची मर यांचा हिशेब कोणी धरत नाही.

मोजणीची पद्धत जुनी आहे. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांना खुणा करून अभ्यास केला होता. समजा, तुम्ही २०० मासे पकडून खूण केली आणि परत सोडले. आठवड्याने १५० पकडले, त्यात खुणेचे १५ निघाले. २०० गुणिले १५० भागिले १५, म्हणजे तळ्यात सुमारे २,००० मासे. सरासरी वजन २०० ग्रॅम असेल, तर २ टक्क्यांप्रमाणे रोज ८ किलो खाद्य पुरते. ३,००० धरून १२ किलो टाकले, तर ४ किलो तळाशी कुजते आणि पाण्यातला प्राणवायू खाते. पैसे जातात ते वेगळेच.

लहान माशाला खूण कोणती करावी? कानात बिल्ला मारतो तसा बिल्ला बोटभर माशाला पेलत नाही. संशोधन केंद्रांत त्वचेखाली रंगीत द्रव टोचतात किंवा जेमतेम एक मिलिमीटर लांबीची सांकेतिक तार बसवतात, पण त्याला खास उपकरणे लागतात. आपल्याला परवडते ती पर कापण्याची पद्धत. सामन माशाचा पाठीवरचा छोटा मांसल पर कापतात. कटला, रोहू, मृगळ यांना तो नसतो. म्हणून पोटाखालच्या जोडीतील एकाच पराचे टोक धारदार कात्रीने कापावे. बुंध्याला हात लावू नये. दहा लिटर पाण्यात अर्धा मिली लवंग तेल (आधी थोड्या स्पिरिटमध्ये मिसळून) टाकले की मासे शांत होतात. हात ओले ठेवावेत, काम सकाळच्या गारव्यात उरकावे. पर काही आठवड्यांत पुन्हा वाढतो, त्यामुळे दुसरी पकड लांबवू नये.

दुसऱ्या पकडीत खुणेचे तीनच मासे आले, तर आकड्यावर विसंबू नका. तीनऐवजी चार आले असते, तर उत्तर १०,००० वरून ७,५०० वर येते! अशा वेळी जास्त मासे पकडावेत, तेही तळ्याच्या सर्व बाजूंनी.

कळंबा तलावासारख्या मोठ्या पाण्यात आणखी एक अडचण असते. पावसाळ्यात तलाव भरला की सांडव्यावरून मासे बाहेर जातात, ओढ्यांतून नवे आत येतात, आणि हे गणित तर बंद पाण्याचे आहे. तिथे मोजणी हिवाळ्यात, सांडवा कोरडा झाल्यावर घ्यावी.