साइडकार

‘साइड’ म्हणजे बाजू व ‘कार’ म्हणजे गाडी. आयर्लंडात हे नाव एका घोडागाडीस होते. तीत उतारू रस्त्याच्या कडांकडे तोंड करून, एकमेकांस पाठ लावून बसत. पुढे मोटारसायकलीच्या बगलेस जोडलेल्या एकचाकी गाडीस तेच नाव मिळाले. ‘शोले’ (१९७५) चित्रपटातील अशी गाडी तुम्ही पाहिली असेल. शर्यतीत मात्र तीत बसणारा नुसता उतारू नव्हे! आयल ऑफ मॅन बेटावर अशी शर्यत १९२३ साली प्रथम झाली. ज्या बाजूस वळण, त्या बाजूस सोबती जमिनीलगत अंग झोकून देतो. तो क्षणभर चुकला, तर गाडी उलटून चालकाच्याही जिवावर बेतते. संगणकात छायाचित्राची माहिती त्याच्याशेजारी साठवणाऱ्या वेगळ्या फाइलीसही साइडकारच म्हणतात. तिला चाक मात्र नाही.