उरलेल्या डांबरातून वाढलेला कारखाना

कपाटात ठेवायच्या डांबरगोळ्या आठवतायत? त्या पूर्वी नॅप्थलीनच्याच असायच्या. जगातल्या सर्वात मोठ्या रासायनिक संकुलांपैकी एक वाढलं, त्यात या नॅप्थलीनचा मोठा हात आहे. हे संकुल म्हणजे जर्मनीतलं लुडविग्सहाफेन.

१८६० च्या आसपास मानहाइम शहरातले दिवे कोळशाच्या गॅसवर जळायचे. गॅस काढला की मागे काळं, चिकट डांबर उरायचं. त्यापासून कृत्रिम रंग बनतात हे तोवर कळलं होतं. गॅसच्या धंद्यातल्या फ्रीडरिश एंगेलहॉर्न यांनी हे हेरलं आणि १८६५ मध्ये बी.ए.एस.एफ. कंपनी काढली. मानहाइममध्ये जागेचं जमलं नाही, म्हणून कारखाना ऱ्हाइन नदीपलीकडे लुडविग्सहाफेनला उभा राहिला.

मग आली नीळ. ती बनवण्यासाठी आधी नॅप्थलीनचं थॅलिक अनहायड्राइड करावं लागे. सल्फ्युरिक आम्ल वापरून होणारी ही अभिक्रिया फार रेंगाळायची. एकदा थर्मामीटर फुटला, पारा आत सांडला आणि अभिक्रिया पळायलाच लागली! पारा इथे उत्प्रेरक ठरला. (माझी पीएचडी उत्प्रेरकांवर आहे. आमच्या लॅबमध्ये थर्मामीटर फुटला तर फक्त ओरडा मिळतो.)

या अभिक्रियेतून सल्फर डायऑक्साइड वायू निघतो. तो पकडून त्याचं परत सल्फ्युरिक आम्ल केलं जाऊ लागलं. एका प्लांटचं उरलेलं, ते दुसऱ्याचा कच्चा माल. या गुंफणीला जर्मनमध्ये 'फेरबुंट' म्हणतात, आणि संकुल वाढलं ते असंच.

१८९७ मध्ये ही नीळ बाजारात आली आणि तिचा फटका थेट आपल्याकडे बसला. नैसर्गिक निळीचे भाव कोसळले, तेव्हा बिहारमधल्या गोऱ्या मळेवाल्यांनी आपला तोटा वाढीव खंडाच्या रूपात शेतकऱ्यांवर ढकलला. १९१७ च्या चंपारण सत्याग्रहामागे हेही एक कारण होतं.

१९१३ मध्ये शेजारच्या ओपाऊला हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनू लागला. त्यातून खतं आली, पुढे महायुद्धात स्फोटकांचा कच्चा मालही. १९२१ मध्ये तिथेच खताचा दगडासारखा घट्ट झालेला साठा नेहमीप्रमाणे सुरुंगाने फोडताना महाभयंकर स्फोट झाला. ५०० हून अधिक माणसं गेली. आधी हजारो वेळा काही झालं नव्हतं, म्हणून ते सुरक्षित मानलं गेलं होतं.

आज हे संकुल सुमारे १० चौरस किलोमीटरवर पसरलंय. कोळशाच्या जागी तेल आणि नैसर्गिक वायू आले. पण गुंफणीची दुसरी बाजूही आहे: एक धागा ओढला की बाकीचे ताणले जातात. २०२२ मध्ये रशियन वायू आटला, दर भडकले आणि २०२३ च्या सुरुवातीला कंपनीने इथला एक अमोनिया प्लांट बंद करत असल्याचं जाहीर केलं.

म्हणून कुठलंही रासायनिक संकुल समजून घ्यायचं असेल, तर आत काय बनतं एवढंच विचारू नका. आत काय येतं आणि उरलेलं कुठे जातं, हेही विचारा.