दाढेतील चीर

दाढेला चीर गेली आहे, असे सांगत रुग्ण सहसा येत नाही. घास चावताना फारसे दुखत नाही, परंतु दाढा विलग होताक्षणी कळ उठते, अशी त्याची कैफियत असते, आणि नेमकी कोणती दाढ हे पुष्कळदा त्यालाही सांगता येत नाही. कॅमेरॉन या दंतवैद्याने 1964 साली या विकाराला स्वतंत्र नाव दिले, तरी क्ष-किरण चित्र निर्दोष दिसले की अशा तक्रारीची दखलच न घेणे आजही घडते, याचे मला अतिशय वाईट वाटते. कारण ही चीर बहुधा पुढून मागे, चित्राच्या पातळीला समांतर जाते, आणि म्हणूनच चित्रात उमटत नाही.

पुण्यातील एका तज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात त्यांच्या अनुज्ञेने हा तपास मी पाहिला. टोकाशी खळगा असलेली प्लॅस्टिकची लहानशी काडी दाढेच्या एकेका उंचवट्यावर टेकवून त्या म्हणत, "काकू, घट्ट चावा, आता एकदम सोडा." अक्कलदाढेच्या पुढच्या दाढेवर, मागील आतल्या उंचवट्याशी, काकू दचकल्या. चावताना चिरेच्या कडा किंचित फाकतात, आणि त्या परत मिटताना दंतिनाच्या, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराच्या, सूक्ष्म नलिकांतील द्रव हलून मज्जातंतू उद्दीपित होतात, असे या कळेचे कारण मानले जाते. मग दिवे मालवून दाढेच्या कुशीला बारीक प्रकाशशलाका लावली, तेव्हा अर्धी दाढ उजळली आणि चिरेपलीकडची अर्धी काळोखीच राहिली. दाढेत भरलेली जुनी चांदी काढून निळे रंजक लावल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली ती रेषा स्पष्ट झाली.

खरा प्रश्न ती किती खोल गेली हा होता. हिरडीभोवती फिरवलेली मोजणीची सळई कोठेही 3 मिलिमीटरपलीकडे उतरली नाही. एकाच जागी ती खोल गेली असती, तर चीर मुळापर्यंत पोचल्याचा संशय बळावला असता. दाढेला थंडावा लावून पाहिला तेव्हा उठलेली झिणझिणीही लगेच ओसरली, म्हणजे आतला मगज अद्याप सावरण्याजोगा होता.

हाड सांधते, दाताची चीर सांधत नाही. तिला फक्त आवळून धरता येते. म्हणून बाईंनी दाढेभोवती पोलादी पट्टी बसवली आणि काही आठवडे वाट पाहण्याचे ठरवले: कळ थांबली तर कायमची टोपी, न थांबल्यास आधी रूट कॅनॉल, आणि दाढ दुभंगलीच तर ती काढणे. "दाढ वाचेल ना?" या प्रश्नाला त्यांनी हमी दिली नाही, पट्टीनंतर काय होते ते पाहूनच सांगेन, असे म्हणून पुढची तारीख लिहून दिली.