वखारीतला तीनचाकी टेम्पो : ओळख आणि शोध

वाशीम, कारंजा वा रिसोडच्या बाजारपेठेत 'टेम्पो आला का?' असे विचारणाऱ्या व्यापाऱ्यास आपण एका जर्मन कारखान्याचे नाव घेत आहोत, याची क्वचितच जाणीव असते. हॅम्बुर्ग येथील 'विडाल आणि सोन' या 1924 साली स्थापन झालेल्या कंपनीच्या वाहनांचे हे नाव. तिची 'हान्सेआट' ही तीनचाकी मालगाडी 1949 साली निघाली आणि 1956 साली जर्मनीत बंद झाली. परंतु अहमदनगरच्या फिरोदिया या जैन कुटुंबातील नवलमल फिरोदिया यांनी या कंपनीच्या सहकार्याने 1958 साली 'बजाज टेम्पो'ची स्थापना केली आणि ही गाडी भारतात 2000 सालापर्यंत तयार होत राहिली. मूळ नाव मागे पडून 'टेम्पो' हा मराठीत सामान्य शब्द झाला.

एखाद्या जुन्या वखारीत अशी गाडी आढळल्यास ती ओळखावी कशी? पुढे एकच चाक, त्यावरच सुमारे 400 घनसेंमीचे दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन, साखळीने फिरणारे तेच चाक आणि रिक्षासारख्या हँडलऐवजी गोल स्टिअरिंग, या तिच्या खुणा. संपूर्ण यंत्रणा पुढे असल्याने मागचा हौदा मालासाठी मोकळा राहतो. गाडी जर्मन बनावटीची की भारतीय, हे नावाच्या पट्टीवरून आणि चॅसिस क्रमांकावरून ठरवावे. केवळ 'टेम्पो' या अक्षरांवर विसंबू नये.

पुढचा शोध कागदपत्रांचा. वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यामुळे येथील जुन्या गाडीच्या नोंदीची चौकशी प्रथम अकोल्याच्या परिवहन कार्यालयात करावी. नोंदणी पुस्तकात बँकेच्या नजरगहाणाचा शेरा असल्यास कर्जाचा, पर्यायाने खरेदीचा काळ कळतो. सर्वांत विश्वासार्ह पुरावा मात्र घरातच असतो. रोजमेळात आणि खतावणीत गाडीची किंमत, पेट्रोल-ऑइलचा खर्च, चालकाचा पगार आणि वाहतुकीचे भाडे तारीखवार लिहिलेले असते.

हा शोध तातडीचा आहे. जुन्या वाहनांच्या जतनासाठी 2021 साली केंद्राने केलेले विशेष नोंदणीचे नियम पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापरातील दुचाकी व चारचाकी वाहनांपुरते आहेत. मालवाहू तीनचाकीस त्यांचा आधार नाही. तिचे जतन सर्वस्वी मालकाच्या इच्छेवर अवलंबून आहे आणि भंगाराचा भाव काही हजारांत मिळून जातो.

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत जुन्या वह्याही अनेकदा रद्दीत जातात. गाडी विकण्यापूर्वी पट्टीवरील क्रमांक टिपून घ्यावेत, छायाचित्रे काढावीत आणि ज्या वहीत तिची खरेदी लिहिली आहे, ती वही वेगळी ठेवावी. गाडी गेली तरी ज्या पिढीने बैलगाडीवरून टेम्पोवर येण्याचे धाडस केले, तिचा हिशेब घरात राहील.