वाट तसा टायर

माउंटन बाइकच्या टायरमध्ये आधी पाहायचे ते रबरावरचे उंचवटे. उन्हाळ्यात टणक झालेल्या मातीवर ते बुटके आणि दाट असलेले बरे. सायकल हलकी पळते. सुट्या मुरमावर कडेचे उंचवटे ठसठशीत हवेत, नाहीतर वळणावर चाक निसटते. पावसाळी चिखलाला उंच, विरळ उंचवट्यांचा आणि थोडा अरुंद टायर लागतो. मध्ये मोकळी जागा असली की चिखल झडत राहतो.

सह्याद्रीत खरी परीक्षा ओल्या कातळाची. तिथे उंचवट्यांपेक्षा मऊ रबर कामी येते. ते लवकर झिजते, म्हणून अनेक जण मऊ टायर फक्त पुढे लावतात. हे शहाणपणाचेच: मागचे चाक घसरले तर बहुधा सावरता येते, पुढचे घसरले की माणूस आडवा.

हवा टम्म भरण्याची आपली सवय मात्र सोडायला हवी. सुमारे २.३ इंची ट्यूबलेस टायरला, स्वाराच्या वजनानुसार, २० ते २८ पीएसआय साधारण पुरते. ट्यूब असेल तर थोडी जास्त भरावी. कमी हवेत दगडावर आपटले की ट्यूब रिमपाशी चिमटून फुटते. बाभळीच्या काट्यांची छोटी भोके ट्यूबलेसमधले सीलंट बुजवते, पण ते काही महिन्यांत सुकते, पुन्हा घालावे लागते.

एकच जोडी घ्यायची असेल तर २.३ इंची, मध्यम उंचवट्यांची घ्या. बसवताना टायरच्या कडेवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे ना, तेवढे तपासा.