बाळ बाटलीशी का भांडतं?

बाळंतपणाची रजा संपत आली की घरात दुधाची बाटली येते. तोवर अंगावर पोटभर पिणारं, हसरं बाळ निपल ओठाला लागताच तोंड वेडंवाकडं करतं, जिभेने ते बाहेर ढकलतं, अंगाची कमान करतं आणि रडून घर डोक्यावर घेतं. मग सल्ले सुरू होतात. निपल बदल. झोपेत पाज. जरा उपाशी ठेव, भूक लागली की घेईल मुकाट. दुसऱ्या एखाद्या घरात बाळ पहिल्या आठवड्यापासून बाटलीवरच असतं, कारण आईचं औषध चालू आहे, किंवा बाळ दत्तक आहे, किंवा पुष्कळ प्रयत्न करूनही दूध पुरलेलं नाही. तिथे रडणं वेगळं. बाळ घाईघाईने पिऊ लागतं, ठसकतं, सोडतं, किंचाळतं, पुन्हा मागतं. अर्ध्या-पाऊण तासाने बाटलीत निम्मं दूध तसंच असतं, आणि आईच्या डोळ्यांत पाणी.

या दोन्ही घरांतल्या आयांना नीट शिकवायला कुणी नसतं. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दुधाची पावडर, बाटल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलांचं तयार अन्न यांची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला त्याने बंदी घातली. हा कायदा योग्यच आहे. अस्वच्छ बाटली आणि पाणी घालून वाढवलेलं वरचं दूध यांनी या देशात किती बाळं जुलाबाने गेली, हे जुन्या बालरोगतज्ज्ञांना विचारावं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हा सल्लाही शंभर टक्के खरा. पण स्तनपानाचा आग्रह धरता धरता बाटली हा विषयच दवाखान्यात निषिद्ध होऊन बसला. ज्या आईला बाटलीशिवाय इलाज नाही, तिला ती कशी धरायची, किती वेळ धरायची, कधी बाजूला ठेवायची हे कुणी सांगत नाही. मग शेजारीपाजारी सांगतात, आणि त्यातलं बरंचसं उलटं असतं.

आधी पिण्याची क्रिया समजून घेऊ. अंगावर पिताना बाळ सुरुवातीला भराभर चोखतं. दूध लगेच येत नाही. थोड्या वेळाने पान्हा फुटतो, धार येते, मग ओसरते, बाळ थांबतं, श्वास घेतं, पुन्हा चोखतं. सगळा ताल बाळाच्या हातात असतो. बाटली उलटी धरली की पहिल्या क्षणापासून दूध आपोआप तोंडात पडत राहतं, बाळाने चोखलं तरी आणि नाही चोखलं तरी. चोखणं, गिळणं आणि श्वास या तिन्हींचा मेळ बाळाला घालायचा असतो. गर्भातल्या सुमारे ३४व्या आठवड्यापासून तो जमू लागतो, म्हणून लवकर जन्मलेल्या बाळांची बाटलीवर जास्त तारांबळ उडते. दूध वेगाने आलं तर बाळाला श्वास रोखून गिळत राहावं लागतं. अशा वेळी ते भुकेलेलं असूनही बाटलीशी झटापट करतं, आणि बघणाऱ्याला वाटतं, याला दूध आवडत नाही.

पुढच्या वेळी पाजताना बाटलीतल्या रेघांकडे न पाहता बाळाकडे पाहा. दूध नीट जात असेल तर हात सैल असतात, मुठी हळूहळू उघडतात, कपाळ शांत असतं, आणि चोखण्याच्या काही फेऱ्यांनंतर ते स्वतःहून क्षणभर थांबतं. दूध झेपेनासं झालं तर भुवया वर चढतात, डोळे विस्फारतात, हाताची बोटं पंख्यासारखी फाकतात, ओठाच्या कोपऱ्यातून दूध हनुवटीवर ओघळतं, गिळण्याचा गटागट आवाज येतो. याही पुढे गेलं तर ठसका, मान फिरवणं आणि कमान. कमान म्हणजे बाळाने सांगण्याचा शेवटचा प्रकार. त्याआधी त्याने चार वेळा सांगितलेलं असतं.

आपल्याकडची पाजण्याची पद्धत म्हणजे बाळाला मांडीवर आडवं टाकायचं आणि बाटली वरून उभी धरायची. नेमकं हेच बदलायला हवं. बाळाला जवळजवळ बसतं धरा, डोकं आणि मान हाताच्या कोपरात टेकलेली, चेहरा आपल्याकडे. निपल तोंडात कोंबू नका. वरच्या ओठाला हलकं लावा आणि बाळाने आ केल्यावरच आत जाऊ द्या. बाटली जवळपास आडवी ठेवा, निपलच्या टोकाशी दूध असलं की पुरे. निपल काठोकाठ भरलं नाही तर पोटात हवा जाईल, ही भीती घराघरांत असते. हवा जाते ती मुख्यतः घाईने गिळल्यामुळे आणि ओठांची पकड सैल असल्यामुळे. बाळाचं काही वेळ चोखून झालं की बाटली जराशी खाली झुकवा, म्हणजे निपल तोंडात राहील पण दूध थांबेल. बाळाने श्वास घेतला, पुन्हा चोखायला लागलं, की पुन्हा आडवी. मधे एकदा बाजू बदला, खांद्यावर घेऊन ढेकर काढा. असं पाजायला पंधरा ते तीस मिनिटं लागतात, आणि तेवढी लागावीत. पाच मिनिटांत संपलेली बाटली हे कौतुकाचं लक्षण नव्हे.

आता निपल. पाकिटावर स्लो, मीडियम, १, २ असं लिहिलेलं असतं आणि आपण वय पाहून ते घेतो. पण या आकड्यांना सर्व कंपन्यांचं मिळून एकच माप नाही. एकीचं स्लो हे दुसरीच्या मीडियमपेक्षाही वेगवान असू शकतं. बाटली उलटी करून बघा. थेंब थेंब पडायला हवेत, धार लागता कामा नये. उलटही घडतं. भोक फारच बारीक असेल तर बाळ जोर लावून दमतं, निपल आत चपटं होतं, आणि ते चिडून सोडून देतं. तेव्हा एक पायरी वरचं निपल आणावं. तापवलेल्या सुईने भोक मोठं करण्याचा उद्योग मात्र कुणीही करू नये. मग किती वेगाने दूध येईल यावर काही ताबा उरत नाही, आणि कापलेल्या रबराचा तुकडाही सुटू शकतो.

सगळ्यात मोठी चूक याच्या पुढची, आणि ती प्रेमापोटी होते. ‘एवढं तरी संपव.’ पावडरच्या दुधाचा ढोबळ हिशेब पहिल्या काही महिन्यांत दिवसाला, दर किलो वजनामागे सुमारे १५० मिलि असा धरतात. पाच किलोच्या बाळाला चोवीस तासांत साधारण ७५० मिलि. हा दिवसभराचा अंदाज आहे, प्रत्येक बाटलीचा कोटा नाही. सकाळी १४० पिणारं बाळ दुपारी ८० वर थांबतं आणि रात्री भरून काढतं. डब्यावरच्या कोष्टकात १२० लिहिलंय म्हणून उरलेले ४० मिलि गाल दाबून, मान धरून, निपल तोंडात फिरवून घालायला गेलं की बाळ एक गोष्ट पक्की शिकतं: बाटली दिसली की आता जबरदस्ती होणार. काही दिवसांत ते बाटली पाहूनच, दुपटं गळ्याशी आलं तरी, रडू लागतं. मग घरचे झोपेत पाजायला लागतात. झोपेत ते पितं, कारण विरोध करण्याइतकं जागं नसतं. जागेपणीचं पिणं आणखी कमी होतं आणि सगळं घर बाळाच्या झोपेभोवती फिरू लागतं.

यातून बाहेर येण्याचा मार्ग ऐकायला सोपा आणि पाळायला फार कठीण आहे. बाळाने तोंड फिरवलं की थांबायचं. लगेच, खरोखर. अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली कामाची वाटणी इथे उपयोगी पडते: काय द्यायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, किती घ्यायचं ते बाळाने. तान्ह्या बाळाच्या बाबतीत केव्हा प्यायचं हेही त्याच्याच भुकेवर सोडावं. सुरुवातीचे काही दिवस दूध कमी जाईल आणि आजीचा जीव खालीवर होईल. म्हणून ही वाट बालरोगतज्ज्ञांना सांगून, वजनावर लक्ष ठेवून धरावी. आणि रडण्याची वाट न पाहता पाजावं. तोंडाशी मूठ नेणं, ओठ चाटणं, मान वळवून शोधणं ही भुकेची पहिली लक्षणं. बाळ रडायला लागलं म्हणजे आधीच उशीर झालेला असतो. त्याला आधी शांत करा, मग बाटली.

अंगावर पिणाऱ्या बाळाच्या नकाराचं गणित निराळं आहे. जन्मतः बाळ तोंडात आलेलं काहीही चोखतं, ती प्रतिक्षिप्त क्रिया असते. तीन-चार महिन्यांच्या सुमारास ती मावळते आणि चोखायचं की नाही हे बाळ ठरवू लागतं. आता कायद्यातली रजा पाहा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे मिळतात, त्यातले जास्तीत जास्त आठ बाळंतपणाआधी घेता येतात. आठही आधी संपवलेली आई कामावर परतते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं, म्हणजे नकार द्यायला नुकतंच शिकलेलं. ऊसतोडीला जाणाऱ्या, घरकाम करणाऱ्या बायांना तर तेवढीही रजा नाही. म्हणून कामावर जायचं असेल तर स्तनपान चांगलं बसल्यावर, निदान तीन-चार आठवडे आधी, बाटलीची किंवा वाटीची ओळख करून द्यावी. पाजणारं माणूस आईशिवाय दुसरं असावं. बाबा, आजोबा, पाळणाघरातल्या ताई. आईच्या कुशीत बसून तिच्या वासाच्या सान्निध्यात रबर तोंडात घ्यायला बाळ का तयार होईल? वेळ अशी निवडावी की बाळ झोपून उठलेलं आहे, थोडं भुकेलं आहे, कासावीस झालेलं नाही. निपल कोमट पाण्यात बुडवून घ्यावं. दहा मिनिटं, आणि रडू लागलं की बास.

काढून ठेवलेलं दूध बाळ नाकारत असेल तर ते हुंगून पाहा. काही आयांच्या दुधातला लायपेज हा पाचक घटक जोरदार असतो आणि फ्रीजमध्ये ठेवल्यावर दुधाला साबणासारखा वास येतो. दूध खराब झालेलं नसतं, पण काही बाळांना ते नको असतं. ताज्या दुधाने काम भागतं का ते आधी करून बघावं.

आणि बाटली जमलीच नाही तर? आपल्याकडे बोंडलं होतं, चांदीचं किंवा पितळेचं. अजूनही बारशाच्या आहेरात येतं आणि कपाटात जातं. वाटी-चमचा प्रत्येक घरात आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना नवजात अतिदक्षता विभागांत परिचारिका असंच पाजतात, आणि जागतिक आरोग्य संघटनाही बाटलीपेक्षा कपच सुचवते, कारण तो घासून स्वच्छ होतो. बाळाला बसतं धरून वाटीची कड खालच्या ओठाला टेकवायची. दूध तोंडात ओतायचं नाही, बाळ जिभेने ते ओढून घेतं. सहा महिने झाल्यावर खिमट, पेज, मऊ वरणभात सुरू होतो, तेव्हा आई बाहेर असतानाची भूक त्यावर आणि वाटीभर दुधावर निभते. पुष्कळ बाळं दिवसा थोडकं घेऊन आई घरी आल्यावर आणि रात्री अंगावर भरपाई करतात.

बाटलीच वापरायची असेल तर ती बुडेल इतक्या पाण्यात दहा मिनिटं उकळा. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून किमान ७० अंश तापमानाच्या पाण्यात ती कालवून मग दूध कोमट करावं. आधी पाणी मोजावं, मग सपाट चमचे. कालवलेलं दूध दोन तासांत संपवावं, बाळाचं उष्टं लगेच टाकावं. डबा पुरवायला पाणी वाढवणं म्हणजे बाळाला अर्धपोटी ठेवणं. बाटली उशीला टेकवून बाळाला एकटं सोडू नये, यात जिवाचा धोका आहे.

एवढं करूनही भांडण थांबत नसेल तर दुखणं शोधावं लागतं. नाक चोंदलेलं बाळ पिऊच शकत नाही. पिण्याआधी सलाईनचे थेंब घातले की फरक पडतो. जिभेवर, गालांच्या आत न पुसला जाणारा पांढरा थर असेल तर तो बुरशीचा संसर्ग. कान दुखत असेल तर गिळताना कळ येते. गुळण्या टाकणं बहुतेक बाळांत निरुपद्रवी असतं आणि वर्षाच्या आत थांबतं, पण त्यासोबत वजन अडलं, शीत रक्त दिसलं, अंगावर चट्टे उठले तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी आहे का ते पाहावं लागतं. पिताना कपाळावर घाम येणं, धाप लागणं, ओठ निळसर होणं, दोन घोटांत दमून झोपणं ही हृदयविकाराचीही लक्षणं असू शकतात. हिरवी उलटी, खोल गेलेली टाळू, दिवसभरात सहापेक्षा कमी वेळा लघवी, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

संध्याकाळचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि पुढे आपोआप उतरतं. त्याचा दोष आईच्या दुधाला किंवा पाजण्याला देऊ नका. आई फार वैतागली असेल तर तिने बाळाला पाठीवर, सपाट अंथरुणावर सुरक्षित ठेवून पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जावं. यात काही गैर नाही. बाळाला रागाने गदागदा हलवणं मात्र मेंदूवर बेतू शकतं.

बालरोगतज्ज्ञांना आणि प्रसूतिगृहांना विनंती आहे की स्तनपानाचा आग्रह जराही सैल करू नका, पण ज्या आईला बाटली किंवा वाटी वापरावी लागणार आहे तिला घरी सोडण्याआधी एकदा समोर बसवून पाजून दाखवा. आणि ज्यांच्या घरी रोज प्रत्येक बाटलीवर भांडण होतंय, त्यांनी पुढच्या लसीकरणाची वाट न पाहता याच आठवड्यात दाखवावं. जाताना घरची बाटली आणि नेहमीचं निपल सोबत न्या आणि बाळाच्या भुकेची वेळ मागून घ्या, म्हणजे ते पिताना डॉक्टरांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.